दाताच्या मुळाशी पू : शस्त्रक्रियेने दात वाचतो का?

परवा ओळखीच्या एक शिक्षिका दवाखान्यात आल्या. वरच्या पुढच्या दाताशी, हिरडीवर बारीकशी पुळी होती. “डॉक्टर, मागच्याच गोळ्या लिहून द्या, दोन महिने बरे वाटले होते,” त्या म्हणाल्या. दाताचे रूट कॅनाल सहा वर्षांपूर्वी झालेले, वर टोपीही बसवलेली. मी गोळ्या न देता दंतवैद्यांच्या नावे चिठ्ठी दिली. बाई थोड्या नाराज झाल्या.

रूट कॅनाल केलेल्या दाताच्या आत रक्तपुरवठा उरत नाही. मुळाच्या बारीक फाट्यांत जंतू राहिले, तर गोळीतले औषध तेथे पोहोचत नाही. पू वाहून गेला की ठणका थांबतो. पण मुळाच्या टोकाभोवतीचे हाड झिजतच राहते. ताप असेल किंवा सूज पसरत असेल तर प्रतिजैविके हवीतच, पण ती मूळ दोष काढत नाहीत.

अशा वेळी पहिला उपाय म्हणजे पुन्हा रूट कॅनाल करणे. ते शक्य नसेल किंवा करूनही गुण आला नसेल, तर मुळाच्या टोकाची शस्त्रक्रिया करतात. जागेवर भूल देऊन हिरडी बाजूला करतात, हाडाला छोटी खिडकी पाडून खराब भाग खरवडतात, मुळाचे साधारण ३ मिलिमीटर टोक कापतात आणि उघडे पडलेले तोंड मागून सिमेंटने बंद करतात. दोन-तीन दिवस सूज राहते, आठवड्याच्या आत टाके काढतात. खालच्या दाढांजवळ ओठाची शीर असल्याने तेथे क्वचित बधिरपणा येतो.

यश किती? अनेक अभ्यास एकत्र करून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात जुन्या पद्धतीने १०० पैकी सुमारे ५९ दातांना गुण आल्याचे दिसले. सूक्ष्मदर्शक, बारीक उपकरणे आणि नव्या सिमेंटने हेच प्रमाण ९४ पर्यंत गेले. मात्र हे निवडून घेतलेल्या दातांचे आकडे आहेत, आणि बरे झालेल्यांपैकी काही दात पुढे पुन्हा बिघडतात. मूळ उभे तडकले असेल तर शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. दात काढणेच बरे. हिरडीच्या रोगाने आधारच गेला असेल, तरी यशाची आशा कमी. म्हणून ‘ऑपरेशन कराल का?’ याआधी ‘हा दात त्या लायकीचा आहे का?’ असे विचारावे.

मधुमेह किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. तंबाखू, विडी सोडा.

सर्वांत मोठी चूक म्हणजे दुखणे थांबले की पुन्हा न फिरकणे. दुखत नाही म्हणजे हाड भरले असे नव्हे. ते सावकाश भरते आणि एक्स-रेतच दिसते. वर्षाने एक्स-रे काढल्याशिवाय ‘बरे झाले’ म्हणू नये.

जबड्याखाली किंवा डोळ्याकडे सूज पसरली, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वास अडू लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

बाई दंतवैद्यांकडे जाऊन आल्या. टोपीखालची मुळात रुतलेली खीळ काढताना मूळ फुटण्याची भीती होती, म्हणून शस्त्रक्रिया ठरली. वर्षाने एक्स-रे घेऊन यायचे त्यांनी कबूल केले आहे.