रंगाआधी भिंत ओळखा

दसरा झाला, सोयाबीनचे चार पैसे हाती आले की घरात रंगाची बोलणी सुरू होतात. मुले दुकानातून रंगपट्टीचे पुस्तक आणतात. कुणी पोपटी म्हणतो, कुणी गुलाबी, आणि शेजाऱ्याने जांभळा दिला म्हणून कुणाला त्याहून गडद हवा असतो. घरच्या बाईला मात्र शेवटी विचारतात. खरे तर भिंतीवरचे डाग आणि दारावरचे हात रोज तिच्याच नजरेला पडतात.

रंग कोणता, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, भिंत कशाची आहे? हे मी पुस्तकातून शिकलो नाही, अंगावर बेतल्यावर शिकलो.

आमचे घर वाळवा तालुक्यातले, काळ्या रानातले. दगड मातीत रचलेल्या दोन हात रुंद भिंती. आई दर दिवाळीला बाहेरून पांढरी माती द्यायची आणि जोत्याला काव ओढायची. 1999 साली धाकट्या भावाचे लग्न निघाले. मी नोकरीतला, शिकलेला. म्हटले, पाहुणे येणार, घर पक्के दिसले पाहिजे. गवंडी बोलावून बाहेरून सिमेंटचा गिलावा केला आणि त्यावर चकचकीत पिवळा ऑइलपेंट दिला. आई म्हणाली, "अरं, पांढरी माती दिली की भागतंय की. भिंतीला सिमेंट कशाला?" मी ऐकले नाही.

दोन वर्षे घर झकास दिसले. तिसऱ्या पावसाळ्यात आतल्या बाजूने गुडघाभर उंचीपर्यंत ओल चढली. लोणा फुटला. भिंतीलगत रचलेल्या गव्हाच्या थप्पीतली खालची पोती दमट लागू लागली. बाहेर बोटाने टिचकी मारली की गिलावा पोकळ वाजे. मी वरवर डागडुजी करत राहिलो. 2005 च्या पावसाळ्यात एका सकाळी सोप्याबाहेरचा परातीएवढा पोपडा धाडकन खाली आला. घटकाभर आधी माझी मुलगी तिथेच सागरगोट्यांनी खेळत बसली होती. पोपड्यामागची माती हातात घेतली, तर भाकरीच्या पिठासारखी मळलेली.

असे का झाले? तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला लगेच कळेल. जमिनीला वाफसा लागतो की नाही? भिंतीलाही लागतो. जमिनीतली ओल मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढते, तशीच ती भिंतीत चढते आणि सोबत क्षार आणते. भिंतीला माती किंवा चुना असेल तर ही ओल वाऱ्याने उडून जाते. वरून सिमेंट आणि ऑइलपेंटचे कातडे चढवले की तिला बाहेरची वाट राहत नाही. ती आत वळते, मागेच साठते आणि सांध्यातली माती मऊ करते. त्यात काळी जमीन उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते. घर तसूभर हलतेच. मातीची भिंत ते सोसते, ताठर सिमेंटला मात्र भेगा पडतात. त्या भेगांतून झडीचे पाणी आत शिरते आणि परत निघत नाही.

शेवटी तो सगळा गिलावा खरवडून काढला. भिंत एक उन्हाळाभर उघडी वाळू दिली, दगडांच्या सांध्यांत चुन्याच्या दर्जा भरल्या आणि वरून चुन्याचाच गिलावा केला. म्हणजे खर्च दोनदा. आई तेव्हा काही बोलली नाही, पण दिवाळीला कावेचा गोळा तिनेच आणून ठेवला होता.

तेव्हा तुमचे घर दगडमातीचे, पांढरीचे किंवा कच्च्या विटेचे असेल तर चुना किंवा माती, एवढेच धोरण ठेवा. चुन्याची सफेदी नीट केली तर ती अंगाला लागत नाही. कळीचा चुना आणा. लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या आणि मग त्यात थोडाथोडा चुना सोडा. चुन्यावर पाणी ओतू नका, तो उकळून अंगावर उडतो. डोळे सांभाळा, पोरांना लांब ठेवा. ॲल्युमिनियमचे भांडे घेऊ नका, चुना ते खातो. संत्र्याच्या बुंध्याला बोर्डो पेस्ट लावणाऱ्यांना हे सांगायला नकोच. एका किलोला पाच लिटर पाणी धरा, दिवसभर मुरू द्या आणि जाड फडक्यातून गाळा. दहा लिटरला चाळीस ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला. भिंत झाडून ओली करा आणि पातळ तीन हात द्या. एकाच हातात जाड थापलात तर भुकटी होऊन पडेल. भर उन्हातही देऊ नका, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगडासारखा होतो आणि त्याला थोडा ओलावा व थोडा वेळ लागतो. दिवाळीच्या सुमारास हवा त्याला मानवते.

चुन्यात रंग हवा असेल तर काव, गेरू, पिवडी हे मातीचे रंग घाला. ते उन्हात उडत नाहीत आणि चुन्याने मरत नाहीत. ओला असताना रंग गडद दिसतो, वाळल्यावर बराच फिका होतो. घाबरून जास्त ओतू नका.

आता नवे घर. भाजक्या विटेचे किंवा सिमेंट ठोकळ्यांचे घरकुल असेल तर सिमेंटचा गिलावा योग्यच. एक भाग सिमेंटला चार ते सहा भाग चाळलेली वाळू. पाणी मात्र गोडे हवे. खाऱ्या विहिरीचे पाणी वापरलेत तर क्षार तुम्हीच भिंतीत भरलेत असे समजा. किमान सात दिवस पाणी मारा. त्यानंतर घाई नको, भिंत महिनाभर तरी वाळू द्या. वाळली की नाही हे पाहायला फूटभर प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून घाम दिसला तर अजून थांबा. अशा भिंतीला सिमेंट पेंट किंवा बाहेरच्या कामाचा पाण्यातला रंग द्या. ऑइलपेंट बाहेरच्या भिंतीला नकोच. जुन्या चुन्यावर सिमेंट पेंट धरत नाही. भिंतीवर तळहात घासून पाहा, पांढरा झाला तर आधी खरवडावे लागेल.

कोकणातल्या वाचकांनी जांभा शक्यतो झाकू नये. खाणीतून काढताना मऊ असणारा हा दगड उघड्यावर कठीण होतो आणि त्याच्यासारखा रंग डब्यात मिळत नाही. दर्जा नीट भरा, पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील असे बघा आणि रंगाची हौस दारे-खिडक्यांवर भागवा.

रंगाचे म्हणाल तर भिंत फिकी ठेवा. पांढरी किंवा फिकी भिंत ऊन परतवते, गडद भिंत ते पिते आणि रात्री खोलीत सोडते. पश्चिमेच्या भिंतीला हे विशेष जाणवते. पण तांबड्या मातीच्या मुलखात शुभ्र पांढरा आठ दिवसांत मळका दिसतो. तिथे पिवडीचा किंवा कावेचा हलका हात बरा. जमिनीपासून दोन फूट कावेचा किंवा करडा पट्टा ओढा. आपल्या आज्या जोत्याला काव देत, त्यात नुसती शोभा नव्हती. पावसाचे चिखलाचे शिंतोडे तेवढ्याच उंचीपर्यंत उडतात.

भडक गुलाबी, जांभळे रंग उन्हात लवकर विटतात. पुस्तकातल्या पट्टीवर बघून ठरवूही नका. बोटभर पट्टीवर सौम्य दिसणारा रंग अख्ख्या भिंतीवर अंगावर येतो. दोन फूट चौकोन रंगवा आणि सकाळी, दुपारी, दिवेलागणीला पाहा. सगळ्या घराने पाहा.

दारे-खिडक्यांना एकच रंग ठेवा. मला विचाराल तर पांढऱ्या भिंतीला गडद हिरवा आणि पिवडीच्या भिंतीला तपकिरी. कडी-कोयंड्याजवळ हात लागतात, म्हणून दार गडद बरे. मात्र पश्चिमेच्या उन्हातल्या दाराला फार काळपट रंग दिला तर तो तापून फोड धरतो. खिडकीच्या भिंतीतल्या आतल्या कडा पांढऱ्या करा, स्वयंपाकघरात उजेड वाढलेला लगेच कळेल. चांगले सागवान असेल तर रंगाऐवजी जवसाचे उकळलेले तेल पुसा. तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप तापून पेटतात, पसरून वाळवा. लोखंडी गजांना गंज घासून आधी प्राइमर द्या.

जुने रंगीत दार खरवडताना फार जपा. पूर्वीच्या पिवळ्या, हिरव्या, शेंदरी तेलरंगांत शिसे असे. घरगुती रंगातले शिसे दहा लाखांत नव्वद भागांवर जाऊ नये, असा नियम आपल्याकडे 2016 साली झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासू नका, जाळूनही काढू नका. पाणी मारून ओल्या पॉलिश कागदाने घासा. लहान मुले आणि पोटुशी बाई तिथे नको. खरवड गोळा करून बांधा, अंगणात झाडून टाकू नका. जनावरे ती चाटतात आणि शिशाची विषबाधा होते.

रंग उरला तर डब्यावर छटेचा क्रमांक आणि साल लिहून ठेवा, पुढे डागडुजीला तोच सापडेल. रिकामा डबा कितीही स्वच्छ धुतलात तरी त्यात बियाणे, डाळ किंवा पिण्याचे पाणी ठेवू नका.