चौसष्ट केबीतला माणूस

संपादकांनी भारतीय गेमधंद्याचा पाव शतकाचा आढावा मागितला आहे. कंपन्यांची यादी, उलाढालीचे आकडे आणि शेवटी पुढची आव्हानं, असा लेख लिहून देणारे पुष्कळ आहेत. मी एकाच माणसाचं बोट धरून जाणार आहे. विशाल गोंडल, मुक्काम मुंबई. वाटेत आमचं लोणंद लागणारच, कारण या धंद्याबद्दल मला जे कळलं त्यातलं बरंचसं स्टेशनकडच्या रस्त्यावरच्या रिचार्जच्या काउंटरमागे बसून कळलं.

त्याआधीचा काळ वाचकांना पाठ आहे. टीव्हीला जोडायचा 'लिटल मास्टर', त्यात काँट्रा आणि मारिओ, बाजारात एक रुपयाच्या कॉइनवर चालणारं 'मुस्तफा'. सगळा माल बाहेरचा. त्यातून पार्लरवाल्यांची पोटं भरली, पण गेम बनवून पगार घेणारी पोरं काही आपल्याकडे फारशी निपजली नाहीत.

गोंडल यांनी १९९९ साली मुंबईत 'इंडियागेम्स' काढली. साल कारगिलचं. 'आय लव्ह इंडिया' नावाचा एक छोटा गेम त्यांनी इंटरनेटवर सोडला, त्यात घुसखोर टिपायचे. कलाकुसर म्हणाल तर बेताचीच. आमचे काही जाणकार मित्र आजही त्या गेमवरून नाक मुरडतात. मला त्यात दुसरंच दिसतं. देशात बातमी तापलेली असताना तव्यावर पोळी टाकायची अक्कल या माणसाकडे पहिल्या दिवसापासून होती. पुढचे सगळे व्यवहार त्या अकलेवर झाले.

आता माझ्या आवडीचा भाग, म्हणजे कीपॅडचे फोन. यावर मी बोलायला लागलो की घरचे उठून आत जातात, तेव्हा वाचकांनीही हवं तर दोन परिच्छेद गाळावेत.

२००३ च्या सुमाराला दोन गोष्टी घडल्या. रिलायन्सने पाचशे एक रुपये भरून हँडसेट घरी न्या म्हणून सांगितलं, आणि रंगीत पडद्याचे, जावा चालणारे नोकिया तालुक्याच्या गावापर्यंत पोचले. सीरीज ४० च्या सुरुवातीच्या फोनवर एका गेमला मुभा होती ६४ केबीची. पात्रं, पार्श्वभूमी, आवाज, लेव्हली, सगळं त्यात बसवायचं. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा सुप्रभातचा फोटो याहून जड असतो. मग पोरांनी काय काय केलं! भिंतीचा एकच चौकोनी तुकडा काढून तोच पडदाभर मांडायचा. शत्रू डावीकडे तोंड करून एकदाच रंगवायचा आणि उजवीकडे जाताना उलटा करून दाखवायचा. रंग मोजके ठेवायचे. प्रोग्रॅममधली लांबलचक नावं छाटून एकेका अक्षराची करायची, कारण नावातलं अक्षरही जागा खातं. संगीत म्हणजे मिडीची पिपाणी.

एवढं करून गेम तयार झाला तरी काम अर्धंच व्हायचं. कोणाचा पडदा १२८ बाय १२८, ६६०० चा १७६ बाय २०८, रिलायन्सच्या एलजीची तऱ्हा आणखी वेगळी. तोच गेम प्रत्येक हँडसेटसाठी नव्याने बसवायचा आणि ५ नंबरच्या बटणावर गोळी सुटते की नाही हे एकेका फोनवर दाबून बघायचं. या धंद्यात त्याला पोर्टिंग म्हणतात. आमचे विद्वान त्याला हमाली म्हणतात. म्हणोत. या हमालीतच मुंबई-पुण्याच्या पोरांचा हात बसला. इंडियागेम्सला 'स्पायडर-मॅन'चा मोबाइल गेम करायला मिळाला, 'बायोशॉक'सारखा अवजड संगणकी गेम फोनच्या पडद्यावर उतरवायचं काम मिळालं, ते फुकटचं नव्हे. कोऱ्या संगणकावर पाहिजे तेवढी जागा घेऊन गेम करणारे आज पुष्कळ आहेत. ६४ केबीत करून दाखवणारा मला भेटवा, मी त्याला चहा पाजतो.

हे गेम विकले कसे जायचे? हच, एअरटेल, रिलायन्स यांच्या पोर्टलवरून. मेसेज पाठवायचा, लिंक यायची, जीपीआरएस रांगत रांगत फाइल उतरवायचं, निम्म्या वाटेत बंद पडायचं आणि पैसे मात्र पूर्ण कापले जायचे. त्या पैशातला मोठा वाटा ऑपरेटरचा, उरलेल्यात गेमवाला. माझ्या काउंटरवर त्याचे पडसाद रोज. एकदा कांद्याची पट्टी खिशात घालून एक आप्पा थेट दुकानात शिरले. सकाळी टाकलेलं पन्नासचं रिचार्ज दुपारी वीसवर आलं होतं. 'गेम क्लब' चालू झालाय म्हणून सांगितलं, तर म्हणाले, "आरं, मला हिरवं बटन आन् लाल बटन कळतंय. म्या कशाला क्लबात जातोय?" कस्टमर केअरला अर्धा तास लावून बसलो, क्लब बंद केला, पैसे काही परत आले नाहीत. ऑपरेटरचं नाव घेत नाही, तेव्हा कोणीच धुतल्या तांदळाचं नव्हतं. २०१३ साली ट्रायने अशा सेवेसाठी ग्राहकाची दोनदा संमती घ्या असा दंडक घातला, पण तोवर गिऱ्हाइकाच्या मनातून गेमवाले उतरले होते.

आणि खरं सांगायचं तर लोणंदमध्ये पोर्टलवरून गेम घेणारे थोडेच. बाकी सगळा मामला मेमरी कार्डाचा. गाणी, वॉलपेपर आणि गेम, 'कार्ड भरून द्या' एवढंच म्हणायचं. एसटी स्टँडपासून बाजारतळापर्यंत प्रत्येक मोबाइलवाल्याच्या संगणकात एक फोल्डर असायचंच, माझ्याही होतं. तिथून ब्लूटूथने वर्गात, वर्गातून वस्तीवर. त्यात मुंबईच्या कंपनीला दमडी मिळाली नाही, मात्र खंडाळा-फलटण पट्ट्यातल्या पोरांच्या अंगठ्याला वळण लागलं ते तिथेच. त्यामुळे भारतात मोबाइल गेम २०१८ साली पबजीबरोबर आला असं कोणी छापलं की मला झोप लागत नाही. पबजी आला तेव्हा खेळणारे तयार होते. ते आभाळातून पडले नव्हते.

कंपनीच्या खरेदी-विक्रीचा भाग उरकून टाकतो. चीनच्या टॉम ऑनलाइनने २००५ च्या सुमारास ८० टक्क्यांहून थोडा जास्त हिस्सा घेतला, २००७ मध्ये यूटीव्ही आली, २०११-१२ मध्ये यूटीव्ही आणि इंडियागेम्स दोन्ही डिस्नेकडे गेल्या. २०१३ ला गोंडल बाहेर पडले आणि पुढल्या वर्षी मनगटावरच्या पट्ट्याने पावलं मोजणाऱ्या 'गोकी'त रमले. अर्थविषयक पानांवर हेच त्यांचं चरित्र म्हणून छापलं जातं. याच काळात मुंबईचेच नितीश मित्तरसेन यांनी 'नझारा' हळूहळू वाढवली आणि ३० मार्च २०२१ रोजी शेअर बाजारात नेली. १,१०१ रुपयांच्या शेअरवर तेव्हा लोक तुटून पडले. त्या कंपनीचा पायाही महिनेवारी मोबाइल गेमचाच, हे शेअर घेणाऱ्यांतल्या किती जणांना ठाऊक होतं कोण जाणे.

गोंडल पुन्हा दिसले ते २०२० मध्ये. जूनमध्ये गलवान झालं, २ सप्टेंबरला पबजीवर बंदी आली आणि दोनच दिवसांत अक्षय कुमारने 'फौजी' जाहीर केला. हा गेम एनकोर गेम्सचा, आणि त्या कंपनीच्या पाठीशी गोंडल. नक्त उत्पन्नातला २० टक्के वाटा 'भारत के वीर' निधीला. २६ जानेवारी २०२१ ला गेम आला. पोरांनी उतरवला, चार दिवस हाणामारी केली, बंदूक कुठाय म्हणून विचारलं आणि पुसून टाकला. कारगिल ते गलवान, एकवीस वर्षांत या माणसाच्या वेळेच्या हिशेबात फरक पडला नाही. गेममध्ये मात्र पडायला हवा होता. १९९९ मध्ये फुकटातला गेम म्हणून लोकांनी सांभाळून घेतलं. २०२१ मध्ये समोर पबजी खेळून आलेलं पोर होतं.

पुण्याबद्दल लिहिलं नाही तर पुणेकर पत्रं पाठवतील. 'नॉडिंग हेड्स' या तिथल्या स्टुडिओचा 'राजी' हा गेम २०२० मध्ये आला, पहाडी चित्रशैली आणि छायाबाहुल्या घेऊन, आणि परदेशात नावाजला गेला. युबिसॉफ्टच्या पुणे-मुंबईच्या स्टुडिओंना 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या नव्या आवृत्तीचं काम मिळालं होतं, ते २०२२ मध्ये मॉन्ट्रियलला नेलं. पहिली झलक पाहून जगभरच्या खेळाडूंनी नावं ठेवली होती, तेव्हा आपल्याकडचेही त्यात हिरिरीने सामील झाले. वीस वर्षं हाताखालचं काम केलेल्या पोरांना पहिल्यांदा पुढची खुर्ची मिळाली होती. एवढी घाई कशाला, असं मला वाटलं.

आणि या सगळ्याच्या जोडीला पैशांचे खेळ, रमी आणि फॅन्टसी क्रिकेट. क्रिकेटपटूंच्या छातीवर त्याच कंपन्यांची नावं आणि आमच्याकडे पारावर बसून मोबाइलवर पैसे लावणारी पोरं. कंपनीची माणसं त्यालाही 'कौशल्याचा खेळ' म्हणायची. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले. पोकरमध्ये पैसा गुंतवलेल्या नझारालाही त्याची झळ लागली. कायद्याने गळा घोटला म्हणून रडणारे लेख मी वाचले. गळा कोणाचा होता ते त्यांनी लिहिलं नाही. गेली कित्येक वर्षं हुशार पोरं आणि पैसा या पत्त्यांच्या अड्ड्यांकडे वळत होता, तेव्हा गेम बनवणारे स्टुडिओ भाडं भरायला धडपडत होते.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगचं धोरण मंजूर केलं. पार्क होतील, सवलती मिळतील, चांगलंच आहे. माझी मागणी त्याहून किरकोळ आहे. इंडियागेम्सने आणि तिच्या बरोबरीच्या मुंबईच्या कंपन्यांनी केलेले ते जावा गेम आज दुकानात मिळत नाहीत. जे आहेत ते हौशी लोकांच्या हार्ड डिस्कवर, आणि माझ्यासारख्यांच्या जुन्या फोल्डरमध्ये. चित्रपटांसाठी पुण्यात संग्रहालय आहे, यांच्यासाठी एखादं कपाट तरी ठेवा. तोवर कोणाला खेळून बघायचे असतील तर लोणंदला या. ६६०० चालू आहे, कीपॅडही शाबूत आहे. बॅटरी मात्र आपापली आणावी, माझ्याकडच्या सगळ्या फुगल्यात.