मोजणाऱ्यांची बाजू

हृदयस्नायूच्या पुनर्निर्मितीचा गेल्या २५ वर्षांचा आढावा घ्यायचा तर त्यात दोन प्रकारची माणसं भेटतात. हृदयात नव्या पेशी उगवतील असं सांगणारी, आणि खरंच किती उगवल्या ते मोजणारी. मी पहिल्यापासून दुसऱ्यांच्या बाजूचा. वर्गात आणि व्याख्यानांत ही बाजू मी इतक्यांदा मांडली आहे की काही मित्रांना तिचा कंटाळा आला आहे. तरी पुन्हा मांडतो, कारण प्रश्न लहान नाही. मोठ्या झटक्यात माणसाच्या हृदयातल्या १०० कोटींच्या घरात स्नायूपेशी मरू शकतात. त्या जागी व्रण येतो. तो भिंत फाटू देत नाही, पण आकुंचनही पावत नाही, आणि उरलेल्या स्नायूवर जन्मभराचा जादा भार पडतो.

२००१ साली ‘नेचर’मध्ये डोनाल्ड ऑर्लिक आणि पिएरो अँव्हर्सा यांचा शोधनिबंध आला. उंदराच्या जखमी हृदयात मेलेल्या भागाच्या कडेला अस्थिमज्जेतल्या पेशी टोचल्या, आणि नऊ दिवसांत त्या भागाचा ६८ टक्के हिस्सा नव्या स्नायूने भरला, असा दावा होता. त्याच वर्षी जर्मनीत रुग्णांच्या हृदयधमनीत त्यांच्याच मज्जेतल्या पेशी सोडायला सुरुवात झाली. पुढच्या चाचण्यांची जंत्री इथे देत नाही. कुठे थोडी सुधारणा, कुठे काहीच नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या डॅरेल फ्रान्सिस यांच्या गटाने २०१४ मध्ये अशा ४९ चाचण्यांचे अहवाल बारकाईने तपासले. जिथे आकड्यांत विसंगती जास्त, तिथे हृदयाची सुधारणाही जास्त; ज्या मोजक्या अहवालांत एकही विसंगती नव्हती, तिथे सुधारणाही नव्हती.

उंदरांचा मूळ प्रयोगही टिकला नाही. २००४ साली सिएटलचे चार्ल्स मरी आणि इंडियानाचे लॉरेन फील्ड यांनी, तसंच स्टॅनफर्डच्या एका गटाने, अधिक कडक खुणा वापरून तो तपासला. मज्जेतल्या पेशी हृदयात गेल्या खऱ्या, पण स्नायू झाल्या नाहीत. अशा कामात फसगत कशी होते, हे फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली हृदयाचा काप पाहिलेल्याला सांगावं लागत नाही. हृदयस्नायू मुळात स्वतःच चमकतो. वय झालेल्या पेशींत लायपोफ्युसिनचे कण साठलेले असतात, तेही पिवळसर उजळतात. आपण टोचलेल्या पेशींवरच्या हिरव्या खुणेच्या शोधात असलो की ती हवी तिथे दिसू लागते. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी आधी काहीच न रंगवलेला काप पाहायला लावत असे. स्नायूची आपली चमक डोळ्यांत पक्की बसली, की मगच खूण शोधायची.

आता माझ्या सर्वात आवडत्या कामाकडे येतो. शीतयुद्धाच्या काळातल्या उघड्यावरच्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ जवळपास दुप्पट झाला होता. १९६३ च्या बंदी करारानंतर तो वर्षागणिक उतरत गेला. हवेतून तो पिकांत आला, पिकांतून अन्नात आणि अन्नातून आपल्या पेशींत. पेशी विभागते तेव्हा डीएनए नव्याने घडतो आणि नंतर फारसा बदलत नाही. म्हणजे डीएनएतलं कार्बन-१४ चं प्रमाण हा त्या पेशीचा जन्मदाखलाच. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतले योनास फ्रिसेन आणि ओलाफ बर्गमन यांनी मृत व्यक्तींच्या हृदयांतून हा दाखला वाचला. सांगायला सोपं, करायला महाकठीण. संख्येने पाहिलं तर हृदयातल्या बहुसंख्य पेशी स्नायूच्या नसतातच. म्हणून ट्रोपोनिनच्या खुणेवरून स्नायूपेशींची केंद्रकं निवडून वेगळी काढावी लागली. शिवाय लहानपणी या केंद्रकांतला डीएनए पेशी न विभागताच दुप्पट होतो. तोही हिशेबातून वजा करावा लागला. चाचण्या सुरू होण्याआधी जन्मलेल्यांच्या हृदयातही कार्बन-१४ जन्मकाळच्या हवेपेक्षा जास्त निघाला. म्हणजे मोठेपणीही काही स्नायूपेशी नव्याने तयार होत होत्या. २००९ मध्ये ‘सायन्स’मध्ये आकडे आले: पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का पेशी बदलतात, पंचाहत्तरीत ०.४५ टक्का. पन्नाशीच्या माणसाच्या हृदयातल्या ५५ टक्के स्नायूपेशी जन्माच्या सुमाराच्याच असतात. हृदय अजिबात नवं होत नाही हा जुना समज त्या आकड्यांनी मोडला, आणि ते झपाट्याने नवं होतं हा नवा समजही मोडला. आमच्या काळातलं याहून सुंदर काम मला माहीत नाही.

अँव्हर्सा यांचा दुसरा दावा होता की हृदयातच सी-किट खुणेच्या मूलपेशी (स्टेम सेल) असतात आणि त्या भराभर स्नायू घडवतात. कार्बन-१४ वापरून याला पुष्टी देणारा त्यांच्या गटाचा निबंध २०१४ मध्ये मागे घेतला गेला. त्याच वर्षी सिनसिनाटीच्या जेफरी मोल्केंटिन यांनी उंदरांत सी-किट पेशींच्या वंशजांवर कायमची खूण बसवून मोजणी केली. त्यांच्यापासून झालेल्या स्नायूपेशी ०.०३ टक्के किंवा त्याहूनही कमी निघाल्या. २०१७ मध्ये, अँव्हर्सा यांनी जिथे हे काम केलं त्या रुग्णालयाने या प्रकरणात अमेरिकी सरकारला १ कोटी डॉलर दिले. २०१८ मध्ये त्या रुग्णालयाने आणि हार्वर्डने मिळून ३१ निबंध मागे घ्यावेत असं नियतकालिकांना कळवलं. तरीही आमच्यातले काही जाणकार अजून म्हणतात, ‘माणूस चुकला असेल, पण दिशा बरोबर होती.’ मला हे मान्य नाही. दिशेचाच तर वाद होता. नवी पेशी कुठून येते हा प्रश्न होता, आणि त्यांचं उत्तर चुकीचं ठरलं.

खरं उत्तर एका माशाने दिलं. आपल्याकडच्या ओढ्यांतला झेब्रा मासा, फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या माशांत नोंदलेला. २००२ मध्ये केनेथ पॉस आणि मार्क कीटिंग यांनी दाखवलं की त्याच्या हृदयाच्या खालच्या कप्प्याचा २० टक्के भाग कापला तरी दोन महिन्यांत तो परत वाढतो. २०१० मध्ये वंशखुणांनी सिद्ध झालं की ही वाढ कुठल्या दडलेल्या मूलपेशींची नाही. शेजारच्या जुन्या स्नायूपेशीच आपली घडण सैल करून विभागतात. २०११ मध्ये टेक्सासमधल्या हेशाम सादेक आणि एरिक ओल्सन यांच्या गटाने पाहिलं की एका दिवसाच्या उंदराच्या पिल्लालाही हे जमतं, आणि सातव्या दिवसापर्यंत ही क्षमता संपते. त्या सात दिवसांत काय बंद होतं, हाच माझ्या मते या क्षेत्रातला खरा प्रश्न.

दुसरी वाट बाहेरून पेशी आणून लावण्याची. २००६ मध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशीला चार जनुकांनी मूळपदावर नेलं, आणि प्रयोगशाळेत हवे तेवढे धडधडते हृदयस्नायू तयार होऊ लागले. मरी यांनी २०१४ मध्ये मानवी भ्रूणपेशींपासून केलेल्या १०० कोटी स्नायूपेशी माकडांच्या हृदयात लावल्या. त्या रुजल्या, पण ठोक्यांची लय बिघडली. ती अडचण मरी यांनी स्वतःच प्रसिद्ध केली, आणि म्हणूनच त्यांच्यावर माझा विश्वास आहे. ओसाकात आणि गॉटिंगेनमध्ये आता स्नायूचे पापुद्रे आणि ठिगळं रुग्णांच्या हृदयावर बसवून पाहत आहेत. काम चाचणीच्या पायरीवर आहे.

आपल्याकडे पुण्यात पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे. परळच्या प्रजनन-आरोग्य संशोधन संस्थेत मानवी भ्रूणमूलपेशींचे ‘किंड-१’ आणि ‘किंड-२’ हे वाण तयार झाले. बुद्धीची वानवा नाही. आज मला खुपतं ते हे की मुलं यंत्राने काढलेला आलेख पाहतात, काप पाहत नाहीत. वर्तमानपत्रांतलं विज्ञानाचं पान आटलं आणि ती जागा नाळेतलं रक्त साठवण्याच्या जाहिरातींनी घेतली. त्या रक्तातल्या मूलपेशी रक्त घडवतात, हृदय नाही. पुढे स्वतःच्याच उपयोगासाठी ते साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने सांगितलं आहे.

परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हृदयासाठी मूलपेशी देणं फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच चालतं, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून त्याचे पैसे घेता येत नाहीत. तेव्हा घरातल्या कुणाच्या हृदयासाठी स्टेम सेलचं इंजेक्शन सुचवलं गेलं, तर चाचणीचा सीटीआरआय (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा. तो मिळाला नाही, किंवा आधी पैसे मागितले, तर तिथून उठा आणि आपल्या नेहमीच्या हृदयरोगतज्ज्ञाकडे जा.