आरशाचे इमान

मध्यम प्रतीच्या डिजिटल एसएलआर कॅमेऱ्याचे गुणदोष सांगणारा लेख लिहावा, अशी सूचना संपादकांकडून आली, तेव्हाच मनाशी ठरविले की या यंत्राची परीक्षा दुकानातील काचेच्या कपाटापाशी किंवा प्रयोगशाळेतील आलेखांवर न करता, जेथे प्रकाश, वारा, पाऊस आणि अंधार हे चारही परीक्षक पूर्ण अधिकाराने बसलेले आहेत, त्या न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर करावी. ओटागो द्वीपकल्पाच्या टोकावरील अल्बाट्रॉस, मॅकेन्झी पठारावरील रात्र आणि फिओर्डलंडमधील पाऊस हे तीन प्रश्न. आणि उमेदवार निकॉन कंपनीचा डी ७०००, कारण या वर्गाचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा या कॅमेऱ्यात इतक्या स्पष्टपणे एकत्र आल्या आहेत की त्याच्याविषयी जे म्हणता येईल ते थोड्याफार फरकाने साऱ्या वर्गास लागू पडावे.

अधिकृत इतिहास थोडक्यात उरकता येतो. लेन्समधून आलेला प्रकाश आरशाने वर वळवून छायाचित्रकाराच्या डोळ्यापर्यंत पोचविण्याची कल्पना जुनीच. परंतु जर्मनीतील कॉन्टॅक्स एस या कॅमेऱ्याने १९४९ मध्ये पंचकोनी लोलक बसवून दृश्य सुलटे दाखविले, जपानच्या आसाहीफ्लेक्सने १९५४ मध्ये चित्र टिपताच आपोआप जागेवर परतणारा आरसा दिला, आणि १९५९ मध्ये निकॉन एफ जन्मास येऊन या दोन्ही सोयी व्यावसायिकांच्या हाती पडल्या. लेन्स बसविण्याची जी खोबण त्या वर्षी ठरली, तीच अर्धशतकानंतर, सप्टेंबर २०१० मध्ये जाहीर झालेल्या डी ७००० वरही कायम होती. थायलंडमधील कारखान्यात तयार होणाऱ्या या कॅमेऱ्याची अमेरिकेतील किंमत लेन्सखेरीज १,२०० डॉलरच्या आसपास होती. म्हणजे नवशिक्याने दबकावे आणि व्यावसायिकाने दुसरा म्हणून बाळगावा, अशी.

त्या किमतीत मिळणारा ऐवज मात्र उदार हाताने दिलेला आहे. वरची व मागची बाजू मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची, बॅटरीविना वजन ६९० ग्रॅम, १६.२ मेगापिक्सेलचा सेन्सर, सेकंदाच्या ८,०००व्या भागापर्यंत उघडझाप करणारे आणि १,५०,००० वेळा चालवून तपासलेले शटर, दोन कार्डांची सोय, आणि डोळा लावून पाहण्याच्या दर्शकात दृश्याचा जवळजवळ शंभर टक्के भाग. जुन्या ऑटोफोकस लेन्सना फिरविणारी मोटर कॅमेऱ्याच्या पोटातच आहे. आणि १९७७ नंतरच्या हाताने फोकस करावयाच्या कित्येक निकॉन लेन्सही त्याच्यावर बसून प्रकाशाचे माप देतात. वडिलांच्या कपाटातील लेन्स मुलाच्या कॅमेऱ्यावर चालावी, ही सोय यंत्रांच्या जगात दुर्मिळ झाली आहे, आणि मला ती मेगापिक्सेलांच्या संख्येपेक्षा अधिक मोलाची वाटते.

परंतु ज्याने मला गुंतवून ठेवले, तो या कॅमेऱ्याचा सेन्सर नव्हे, आरसा होय. पंचेचाळीस अंशांच्या कोनात उभा असलेला हा चिमुकला आरसा लेन्सचा बहुतेक प्रकाश वर लोलकाकडे पाठवितो. परंतु त्याचा मधला भाग अर्धपारदर्शक ठेवलेला असून तेथून झिरपलेला प्रकाश मागच्या दुसऱ्या, त्याहून लहान आरशावर पडतो, आणि तो आरसा त्यास तळाशी असलेल्या फोकस-मापकाकडे वळवितो. कळ पूर्ण दाबली की दोन्ही आरसे घडी घालून वर जातात, एक बारीकशी दांडी लेन्समधील पाकळ्या हव्या त्या मापापर्यंत मिटविते, शटरचा पहिला पडदा धावतो, त्यामागून दुसरा धावतो, पाकळ्या पुन्हा उघडतात, आरसे खाली येतात, त्यांचे थरथरणे शमविले जाते आणि मापकाला पुन्हा दृष्टी येते. कळ दाबल्यापासून चित्र टिपण्यास आरंभ होईपर्यंत सेकंदाचा सुमारे विसावा भाग जातो, आणि ही सगळी कवायत सेकंदात सहा वेळा करण्याची या यंत्राची तयारी आहे. विजेच्या युगात तरफा, स्प्रिंगा आणि आरसे यांवर एवढी भिस्त ठेवणारे दुसरे यंत्र सामान्य माणसाच्या हाती क्वचितच पडत असेल. दर्शकातून दिसतो तो प्रकाश कोणत्याही पडद्यावर पुन्हा रंगविलेला नसतो. डोंगरावरून निघालेला किरणच काचेतून आणि आरशावरून डोळ्यात उतरतो.

तैआरोआ हेड या भूशिरावर या इमानाची किंमत कळते. मनुष्यवस्ती असलेल्या मुख्य भूमीवर रॉयल अल्बाट्रॉस घरटी करतात, असे जगातील हे एकमेव ठिकाण. डनेडिनच्या लान्स रिचडेल या शिक्षक-पक्षिशास्त्रज्ञाने पहारा दिल्यामुळे १९३८ मध्ये येथील पहिले पिल्लू सुखरूप उडाले, आणि आज त्याच कड्याभोवती तीन मीटर पसाऱ्याचे पंख वाऱ्यावर एकही फटका न मारता तरंगताना दिसतात. अशा पक्ष्याच्या मागे कॅमेरा फिरविताना आरशाचा दर्शक डोळ्याला क्षणभरही मागे ठेवीत नाही. सेन्सरचे आकारमान पूर्ण चौकटीच्या सेन्सरच्या निम्म्याहूनही कमी असल्यामुळे ३०० मिलिमीटरची लेन्स येथे ४५० मिलिमीटरचे काम करते. आणि ३९ फोकसबिंदू आकाशाच्या पार्श्वभूमीवरील पांढरे अंग चटकन पकडतात. पण पक्षी समुद्राच्या फेसासमोर आला किंवा चौकटीच्या कडेला गेला, की मर्यादा उघड होते. कारण बिंदूंची दाटी मध्यभागी आहे आणि त्यांपैकी आडव्या-उभ्या दोन्ही रेषा ओळखणारे बिंदू नऊच आहेत. शिवाय प्रत्येक चित्रागणिक आरसा वर गेला की डोळा आणि मापक दोघेही आंधळे होतात. नेमका तोच क्षण कार्डावर उतरतो; म्हणजे जो क्षण आपण टिपतो, तो आपण पाहिलेला नसतो.

मॅकेन्झी पठाराचा प्रश्न याच्या उलट आहे. येथे घाई नाही, प्रकाशही नाही. टेकापो सरोवराच्या परिसरात बाहेरच्या दिव्यांवर १९८१ पासून नियमांचा अंमल आहे, १९६५ पासून माउंट जॉनवर कँटरबरी विद्यापीठाची वेधशाळा आहे, आणि २०१२ मध्ये ४,३०० चौरस किलोमीटरांहून मोठ्या या प्रदेशास आंतरराष्ट्रीय तमोरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळाला. पुण्याहून पाहता आकाशगंगेचे केंद्र फार तर ४२ अंशांपर्यंत चढते. येथे ते ७५ अंशांवर, जवळजवळ माथ्यावर येते, आणि मॅगेलनचे दोन्ही मेघ साध्या डोळ्यांना दिसतात. तारे रेषा न होता बिंदूच राहावेत म्हणून १८ मिलिमीटरच्या लेन्सने फार तर अठरा-वीस सेकंदांची मुभा मिळते, आणि तेवढ्यात डी ७००० चा सेन्सर जे जमा करतो, ते त्याच्या काळाच्या मानाने असामान्य आहे. त्याचा अंगभूत गोंगाट (नॉइज) इतका अल्प, की काळ्याठिक्कर दिसणाऱ्या डोंगरउतारातूनही नंतर संगणकावर गवताचा पोत वर काढता येतो. मध्यम किमतीच्या कॅमेऱ्यांनी महागड्या कॅमेऱ्यांशी प्रथमच बरोबरी साधली ती या गुणाच्या बळावर, असे माझे मत आहे.

तथापि येथेच अडचणींचा अध्याय सुरू होतो. ताऱ्यांच्या प्रकाशात फोकस-मापक निरुपयोगी ठरतो. आरसा वर करून मागच्या पडद्यावर एखादा तारा मोठा करून हातानेच फोकस साधावा लागतो. तो पडदा कॅमेऱ्याच्या पाठीशी घट्ट जखडलेला, आणि आकाशगंगा तर डोक्यावर. तेव्हा तिपाईखाली गुडघे टेकून, मान वळवून दवाने भिजलेल्या गवतावरच ताटकळावे लागते. तेथूनच पाकळ्यांचे माप बदलू म्हटले, तर पाकळ्या हलवणारी दांडी आरशाच्या यंत्रणेला बांधलेली असल्यामुळे आधी तो पडद्यावरचा देखावा बंद करावा लागतो. दीर्घ चित्रानंतर गोंगाट वजा करण्याची तरतूद चालू ठेवली, तर यंत्र तेवढाच वेळ पुन्हा काळोखाचे चित्र घेत बसते, आणि हिवाळ्यातील थंडीत बॅटरीचा कंपनीने दिलेला सुमारे १,०५० चित्रांचा हिशेब कोठल्या कोठे राहतो.

फिओर्डलंडचा पाऊस याहून कठोर. मिलफर्ड साउंडवर वर्षाला साडेसहा ते सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या आंबोलीच्या तोडीचा, परंतु चार महिन्यांत न उरकता वर्षभर वाटून दिलेला. याच देशातील ब्रायन ब्रेक या ज्या छायाचित्रकाराने भारतात येऊन आपला मान्सून टिपला, आणि १९६१ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकातून तो जगास दाखविला, त्याच्या देशाच्या पावसात कॅमेरा काढताना त्याचे स्मरण न होणे अशक्य आहे. डी ७००० च्या सांध्यांना पाणी आणि धूळ यांविरुद्ध बंदोबस्त केलेला आहे खरा. परंतु या वर्गासोबत घेतल्या जाणाऱ्या बहुतेक स्वस्त लेन्सना खोबणीपाशी रबरी कडे नसते, आणि दार उघडे ठेवून भिंती पक्क्या बांधण्यात काय अर्थ? चांगली, बंदिस्त लेन्स घ्यावी तर तिची किंमत अनेकदा कॅमेऱ्यापेक्षाही अधिक. कँटरबरीच्या मैदानावर वायव्येचा कोरडा वारा सुटला आणि नद्यांच्या पात्रांतील बारीक गाळ उडू लागला, की लेन्स बदलणे म्हणजे आरशाच्या पेटीत धुळीला आमंत्रण देणे होय.

उन्हाचीही तक्रार आहे. येथला उन्हाळी प्रकाश प्रखर. हिमशिखर आणि त्याखालची काळी दरी एकाच चौकटीत आली, की या कॅमेऱ्याचे प्रकाशमापन फोकसबिंदूखालच्या भागास झुकते माप देते आणि शिखराचा पांढरेपणा हातचा जातो. उपाय साधा आहे, अर्धा-पाऊण टप्पा प्रकाश कमी घेणे. सावल्यांतून तपशील परत मिळविण्याची ताकद सेन्सरपाशी आहेच. परंतु कच्च्या स्वरूपात चित्रे साठवावीत तर सुमारे दहा चित्रांनंतर यंत्राचा श्वास कोंडतो, आणि अल्बाट्रॉस तोपर्यंत कड्याआड गेलेला असतो.

आणि शेवटी खुद्द आरशाचा दोष. फोकस मोजणारा प्रकाश एका वाटेने जातो, चित्र उमटविणारा दुसऱ्या. दोन्ही वाटांच्या लांबीत केसाचाही फरक पडला की डोळ्यावर केलेला फोकस कानावर उतरतो. या वर्गातील कॅमेऱ्यात लेन्सगणिक दुरुस्तीची सोय दिली गेली, ती हा दोष टाळता येत नाही हे ओळखूनच. आरशाला हलावयास जागा हवी म्हणून लेन्स सेन्सरपासून ४६.५ मिलिमीटर दूर ठेवावी लागते. आरसा काढून टाकलेल्या निकॉनच्या नव्या मालिकेत हे अंतर १६ मिलिमीटरवर आले, फोकस सेन्सरच मोजू लागला, आणि दोन वाटांचा तंटा कायमचा मिटला. २०२० मध्ये डी ७८० आणि डी ६ आले. त्यानंतर निकॉनने नवा एसएलआर आणलेला नाही. जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसविणारे कंपनीचे अडॅप्टर आहे, परंतु त्यात मोटर नसल्यामुळे वडिलांच्या कपाटातील त्या ऑटोफोकस लेन्स तेथे हातानेच फिरवाव्या लागतात. यंत्राची परंपरा किती नाजूक असते, हे ऑक्टोबर २०११ मध्ये थायलंडमधील अयुथयाच्या महापुराने दाखवून दिले होते. निकॉनचा कारखाना पाण्याखाली गेला आणि कॅमेऱ्यांचा पुरवठा अडला. आताची ओहोटी मात्र पाणी ओसरल्यावर थांबणारी नाही. सुट्या भागांचा साठा संपेल, आरसा नीट बसविणारा कारागीर दुसऱ्या धंद्यास लागेल, आणि मोठ्या बाजारांपासून दूर असलेल्या न्यूझीलंडसारख्या देशात ही टंचाई आधी जाणवेल, अशी मला रास्त भीती वाटते.

तरीही निवाडा द्यावयाचा झाला, तर तो या यंत्राच्या बाजूने द्यावा लागेल. त्याचे बहुतेक गुण आणि बहुतेक दोष आरशाच्या त्याच पेटीतून निघालेले आहेत, म्हणून एक ठेवून दुसरे टाकता येत नाही. आणि हे ज्याने समजून घेतले, त्याला त्याचे दोष फसवीत नाहीत. वापरलेला कॅमेरा आज स्वस्तात मिळतो. तो घेणाऱ्या विद्यार्थ्याने आधी शटर किती वेळा चालले हे तपासावे, बंदिस्त अशी एकच चांगली लेन्स जोडावी, प्रकाशाचे माप स्वतः ठरवावे, आणि दुरुस्तीची विद्या जाणणारा कारागीर गावात असेपर्यंत त्याच्याकडे काम देत राहावे. कॅमेरा विकत घेणे ही एका दिवसाची गोष्ट आहे. तो चालता ठेवणारे हात टिकविणे ही आपणा सर्वांची जबाबदारी आहे, आणि तीत कसूर झाली तर तो दोष कॅमेऱ्याच्या खात्यावर मांडता येणार नाही.