व्हाले द मे

व्हाले द मे हे हिंदी महासागरातील सेशेल्स देशाच्या प्रालँ (प्रास्लिन) या बेटावरील संरक्षित ताडवन आहे. या फ्रेंच नावाचा अर्थ ‘मे महिन्याचे खोरे’ असा होतो. जगातील सर्वांत मोठे बी धारण करणारा दर्याई नारळ येथे नैसर्गिक स्थितीत वाढतो. युनेस्कोने १९८३ मध्ये या खोऱ्याचा समावेश जागतिक वारसास्थळांच्या यादीत केला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १९.५ हेक्टर असून नैसर्गिक वारसास्थळांपैकी अत्यंत लहान स्थळांमध्ये त्याची गणना होते.

भूगोल

प्रालँ हे सेशेल्समधील माहे बेटाखालोखाल मोठे ग्रॅनाइटी बेट आहे. महासागरातील बहुतेक बेटे ज्वालामुखीतून किंवा प्रवाळापासून बनलेली असतात. सेशेल्सची मुख्य बेटे मात्र गोंडवन या प्राचीन महाखंडाचे अवशेष आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा काळा पाषाण ज्या लाव्हारसातून घडला त्याच सुमारास, हा भूभाग भारतापासून विलग झाला. पुढील प्रदीर्घ एकांतवासात येथे अन्यत्र न आढळणाऱ्या अनेक जाती विकसित झाल्या.

इतिहास

दर्याई नारळाची रिकामी कवचे मालदीवच्या आणि भारताच्या किनाऱ्यांवर वाहून येत, पण त्यांचे झाड कोणी पाहिले नव्हते. त्यामुळे हे फळ समुद्रतळावरील वृक्षाला लागते, अशी समजूत रूढ झाली. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘माल्दिविका’ हा शब्द याच गैरसमजाची खूण आहे. १७६८ मध्ये एका फ्रेंच मोहिमेला प्रालँ बेटावर प्रत्यक्ष वृक्ष आढळले आणि हे गूढ उकलले. भारतात या नारळाच्या कवचापासून फकीर व साधू भिक्षापात्रे करीत. मराठीत त्याला जहरी नारळ असेही म्हणतात.

ब्रिटिश सेनानी चार्ल्स गॉर्डन यांनी १८८१ मध्ये या खोऱ्याला भेट दिली. बायबलमधील ईडनची बाग ती हीच आणि दर्याई नारळ हाच तेथील ज्ञानवृक्ष, असे त्यांचे मत झाले होते. सरकारने १९४८ मध्ये हे खोरे ताब्यात घेतले व १९६६ मध्ये ते राखीव म्हणून घोषित केले.

वनस्पती

सेशेल्समध्ये ताडकुलातील सहा प्रदेशनिष्ठ जाती आहेत. त्या सहाही या खोऱ्यात एकत्र आढळतात. त्यांपैकी व्हर्शाफेल्टिया या जातीचे खोड उतारावर आधारमुळांवर उभे असते, तर डेकेनियाचा कोवळा गाभा खाल्ला जातो. तो काढताना झाड मरते.

दर्याई नारळ प्रालँ व शेजारच्या क्युरिएझ या दोनच बेटांवर नैसर्गिकरीत्या वाढतो. त्याचे नर व मादी वृक्ष स्वतंत्र असतात. नर वृक्ष सुमारे ३० मीटरपर्यंत उंच होतो. मादी वृक्ष त्याहून बुटका असतो. फळ पक्व होण्यास सहा ते सात वर्षे लागतात. ताजे, जिवंत बी इतके जड असते की ते पाण्यात बुडते. तरंगते ते कुजून पोकळ झालेले कवच. म्हणूनच समुद्राकाठी असूनही हा वृक्ष दूरच्या बेटांवर पसरू शकला नाही.

येथील मातीत नायट्रोजन व फॉस्फरस यांचे प्रमाण फार कमी आहे. वृक्षाची पंख्यासारखी प्रचंड पाने पन्हळीप्रमाणे काम करतात. पावसाच्या पाण्याबरोबर परागकण, विष्ठा व कुजका पाचोळा देठांवरून ओघळून खोडाच्या पायथ्याशी साचतो. अशा रीतीने वृक्ष स्वतःच्या मुळांसाठी खत गोळा करतो आणि मातृवृक्षाखाली रुजलेल्या रोपालाही त्याचा लाभ होतो.

प्राणी

सेशेल्सचा राष्ट्रीय पक्षी असलेला काळा पोपट केवळ प्रालँ बेटावर प्रजनन करतो. त्याची संख्या काही शेकड्यांच्या घरात आहे. जुन्या ताडांच्या पोकळ खोडांत तो घरटे करतो. त्यामुळे मृत खोडेही त्याच्या अस्तित्वासाठी आवश्यक ठरतात. याशिवाय निळे कबूतर, सेशेल्स बुलबुल, हिरव्या व कांस्यवर्णी पाली, व्याघ्र सरडा व गोगलगायी येथे आढळतात.

संवर्धन

या खोऱ्याची व्यवस्था सेशेल्स आयलंड्स फाउंडेशन ही संस्था पाहते. वणवा, बाहेरून आलेल्या वनस्पती, पिवळ्या मुंग्या आणि नारळांची चोरी हे प्रमुख धोके आहेत. नारळाची विक्री व निर्यात परवान्याशिवाय करता येत नाही. चोरीचा परिणाम लगेच दिसत नाही, कारण मोठे वृक्ष दीर्घायुषी असल्याने वन हिरवेच दिसते. परंतु बिया उचलल्या गेल्यास तळाशी नवी रोपे उगवत नाहीत आणि जुने वृक्ष पडल्यावर त्यांची जागा घेणारे कोणी उरत नाही. म्हणून काही नारळ जमिनीवर रुजण्यासाठी तसेच ठेवणे हा येथील संवर्धनाचा महत्त्वाचा भाग आहे.