अरबिक्कथा

अरबिक्कथा हा २००७ साली प्रदर्शित झालेला मल्याळम भाषेतील चित्रपट आहे. त्याचे दिग्दर्शन लाल जोस यांनी केले असून लेखन इक्बाल कुट्टिप्पुरम यांचे आहे. श्रीनिवासन यांनी त्यात क्युबा मुकुंदन ही प्रमुख भूमिका केली असून चांग शुमिन या नायिका आहेत. जयसूर्या, इंद्रजित, संवृता सुनील, इनोसंट आणि जगदी श्रीकुमार यांच्याही त्यात भूमिका आहेत. चित्रपटाचा बराचसा भाग दुबईत घडतो. विनोदी प्रेमकथा आणि राजकीय उपहास असे त्याचे दुहेरी स्वरूप आहे.

शीर्षकातील 'कथा' हा शब्द मराठीतलाच आहे. अरबी कथा म्हटले की एक हजार एक रात्रींच्या अद्भुत गोष्टी आठवतात. मराठीत त्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' या नावाने आणल्या. अरबस्तानात गेलेल्या माणसाचे दैव एका रात्रीत पालटते, ही आखाताविषयीची समजूत केरळात अनेक वर्षे रुजलेली होती. चित्रपटाच्या नावातील उपरोध या समजुतीला उद्देशून आहे.

कथानक

मुकुंदन हा केरळातील एका गावचा निष्ठावान कम्युनिस्ट कार्यकर्ता. क्युबा आणि चीन या देशांवर त्याची भक्ती इतकी, की क्युबा हे त्याचे टोपणनाव होऊन बसले आहे. त्याचा सचोटीचा हट्ट पक्षातील काहींना अडचणीचा वाटू लागतो. वडिलांवर पैशांच्या अपहाराचा आळ येतो आणि ती रक्कम फेडण्यासाठी, ज्या भांडवली जगाचा आयुष्यभर धिक्कार केला तेथेच नोकरीसाठी जाण्याची वेळ त्याच्यावर येते.

दुबईत त्याला मजुरी करावी लागते. तेथेच त्याची गाठ सुई लिंग या चिनी तरुणीशी पडते. ती सीडी विकून पोट भरत असते. ती चीनची आहे एवढे कळताच मुकुंदनच्या लेखी ती 'कॉम्रेड' ठरते. दोघांची मातृभाषा वेगळी, दोघांच्या मनातला चीनही वेगळा. मुकुंदनचा चीन पुस्तकांतून आणि पक्षाच्या अभ्यासवर्गांतून आलेला आहे, तर सुई लिंगचा चीन तिने स्वतः जगलेला आणि मागे सोडलेला आहे. चित्रपटातील बराचसा विनोद या गैरसमजातून निर्माण होतो. प्रेम मात्र तो गैरसमज विरू लागल्यावरच खरे होऊ लागते, आणि प्रेमकथा म्हणून चित्रपटाचे बळ येथेच आहे.

पार्श्वभूमी

१९७३ नंतर खनिज तेलाच्या किमती वाढल्या, आखाती देशांत बांधकामे सुरू झाली आणि केरळातून मोठ्या संख्येने माणसे तिकडे गेली. त्यांनी घरी पाठवलेल्या पैशावर राज्यातील असंख्य कुटुंबांचा संसार उभा राहिला. मात्र परदेशी कामगाराचा परवाना मालकाशी बांधलेला असे. 'कफाला' नावाच्या या पद्धतीत मालकाच्या संमतीवाचून नोकरी बदलणे कठीण होते, आणि कायद्याने मनाई असतानाही कामगारांची पारपत्रे मालकाने ताब्यात ठेवण्याचे प्रकार सर्रास घडत. संयुक्त अरब अमिरातीत कामगार संघटनांना परवानगी नाही आणि संपालाही बंदी आहे. मार्च २००६ मध्ये, पुढे बुर्ज खलिफा म्हणून ओळखल्या गेलेल्या इमारतीच्या बांधकामावरील सुमारे २५०० मजुरांनी वेतन व वागणुकीच्या तक्रारींवरून दंगा केला होता. चित्रपट प्रदर्शित झाला त्याच वर्षी तेथील सरकारने बेकायदा राहणाऱ्या परदेशी लोकांना दंडाविना मायदेशी परतण्याची मुदत दिली होती.

हे लक्षात घेतले म्हणजे मुकुंदनची कोंडी समजते. ज्याने गावात कामगारांच्या हक्कांवर भाषणे केली, तो स्वतः कामगार होतो तेव्हा त्याच्यापाशी ना संघटना असते ना झेंडा. त्याच्या घोषणा तेथे हास्यास्पद वाटतात, पण त्यांतील मागणी खोटी ठरत नाही. चित्रपट मुकुंदनच्या भाबडेपणाला हसतो, त्याच्या प्रामाणिकपणाला कधीच हसत नाही. हा तोल सांभाळणे सोपे नव्हते, आणि तो सांभाळला गेल्याचे पुष्कळसे श्रेय श्रीनिवासन यांच्या संयत अभिनयाला द्यावे लागते.

राजकीय संदर्भही ताजा होता. १९५७ साली ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांच्या नेतृत्वाखाली कम्युनिस्ट मंत्रिमंडळ निवडून देणाऱ्या या राज्यात २००७ मध्ये मार्क्सवादी पक्षांतील गटबाजी शिगेला पोचली होती. त्या वर्षी मे महिन्यात मुख्यमंत्री व्ही. एस. अच्युतानंदन आणि पक्षाचे राज्य सचिव पिनराई विजयन या दोघांनाही पक्षाने पॉलिट ब्युरोमधून निलंबित केले. पक्षांतर्गत डावपेचांचा बळी ठरलेला निष्ठावंत ही कल्पना त्यामुळे प्रेक्षकांना परकी नव्हती.

श्रीनिवासन आणि आखाताचा विषय

अभिनेते आणि पटकथाकार असलेल्या श्रीनिवासन यांनी हा विषय आधीही हाताळला होता. 'नाडोडिक्काट्टु' (१९८७) मध्ये दुबईला निघालेले दोन बेकार तरुण फसवणुकीमुळे मद्रासच्या किनाऱ्यावर उतरतात. 'वरवेल्पु' (१९८९) मध्ये आखातातून परतलेला माणूस साठवलेल्या पैशातून बस घेतो आणि कामगार संघटनांच्या आडमुठेपणामुळे बुडतो. दोन्ही पटकथा त्यांच्याच आहेत. 'वरवेल्पु'ने संघटनेच्या अतिरेकाचे चित्र रंगवले. 'अरबिक्कथा'त संघटनाच नसलेल्या जागी काय होते ते दिसते. हे दोन चित्रपट एकापाठोपाठ पाहण्यासारखे आहेत.

संगीत

गीते अनिल पनच्चूरान यांची असून संगीत बिजिबाल यांचे आहे. चित्रपट संगीतकार म्हणून बिजिबाल यांचे हे पदार्पण होते. त्यातील क्रांतिगीत पनच्चूरान यांनी स्वतः गायले असून पडद्यावरही ते दिसतात. उपहासाच्या चित्रपटातले हे गाणे पुढे केरळात खऱ्याखुऱ्या क्रांतिगीतासारखे लोकप्रिय झाले. येशुदास यांनी गायलेले दुसरे गीत गावाकडे परतण्याच्या ओढीचे आहे आणि परदेशस्थ मल्याळी श्रोत्यांत ते विशेष प्रिय आहे. पनच्चूरान यांचे जानेवारी २०२१ मध्ये निधन झाले.

नंतरचे चित्रपट

आखाती मजुरांचे दुःख पुढे 'गद्दामा' (२०११), 'पत्तेमारी' (२०१५) आणि बेन्यामिन यांच्या कादंबरीवरील 'आडुजीवितम' (२०२४) या चित्रपटांत गंभीरपणे आले. लाल जोस व इक्बाल कुट्टिप्पुरम यांनी २०१२ साली 'डायमंड नेकलेस'मध्ये पुन्हा दुबई निवडली. या वेळी नायक मजूर नसून क्रेडिट कार्डांच्या कर्जात बुडालेला डॉक्टर आहे.