काळा कातळ, लाल माती आणि क्ष-किरण

वेल्ह्याहून तोरण्याची वाट चढूं लागलें म्हणजे पायांखालीं काळा कातळ लागतो. भोरकडून घाटांत उतरावें, तर दरडींत त्याच कातळाच्या थरांमधून एखादा लाल मातीचा पट्टा डोकावतो. पहिल्या लाव्हारसाचा पृष्ठभाग ऊनपावसानें कुजला, त्यावर दुसरा रस पसरला, आणि मधली माती भाजून निघाली. आपल्यापैकीं अनेकांनीं हीं दोन्ही पाहिलीं असतील. काळ्या दगडांत लोखंड आहे आणि लाल मातींतही लोखंडच आहे. मग रंगांत एवढें अंतर कां?

रसायनशास्त्रज्ञ सांगेल कीं, कातळांतील लोखंडाच्या बहुतेक अणूंनीं दोन दोन इलेक्ट्रॉन गमावले आहेत, मातींतील अणूंनीं तीन तीन. उत्तर बरोबर आहे. परंतु अणूच्या घरांतील हा जमाखर्च दगड न विरघळवितां वाचतां येईल काय? येतो, आणि तो वाचण्याच्या विद्येस क्ष-किरण वर्णपटशास्त्र म्हणतात.

राँटजेन यांनीं १८९५ मध्यें हे किरण शोधून काढले, आणि प्रत्येक मूलद्रव्याचे क्ष-किरण त्याच्या अणुक्रमांकाप्रमाणें ठराविकच असतात, हें मोस्ले या तरुण इंग्रजानें १९१३ मध्यें दाखविलें. म्हणजे मूलद्रव्याची ओळख पटली. त्याची अवस्था मात्र सूक्ष्म मोजमापानेंच कळते. लोखंडावर क्ष-किरण सोडून त्यांची शक्ति हळूहळू वाढवीत नेली, तर सुमारें ७११२ इलेक्ट्रॉन-व्होल्टपाशीं लोखंड ते किरण एकदम गिळूं लागतें; आलेखावर तेथें पायरी उमटते. लाल मातीसारख्या पदार्थांत ही पायरी कांहीं इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुढें सरकते, कारण तीन इलेक्ट्रॉन गमावलेला अणु उरलेल्यांना अधिक घट्ट धरून बसतो. गरिबींत माणूस गांठीचा पैसा सोडीत नाहीं, तसेंच कांहींसें हें आहे. सात हजारांत चार-पांचांचा फरक! तो वाचण्यांतच या विद्येचें सारें कसब आहे.

पुण्याच्या डॉ. सुलभा कुलकर्णी यांच्या संशोधनाचा आरंभ याच विद्येंत झाला. १९७६ मध्यें पुणें विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून त्या पुढील संशोधनासाठीं म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठांत गेल्या, आणि परत आल्यावर पुणें विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागांत त्यांनीं तीस वर्षांहून अधिक काळ अध्यापन केलें. पुढें पुण्याच्याच ‘आयसर’ संस्थेंत त्यांचें संशोधन चालू राहिलें. त्यांचें नांव विशेष जोडलें जातें तें अर्धवाहक पदार्थांच्या अतिसूक्ष्म कणांशीं. म्हणून त्यांनीं विषय बदलला, असें कोणी म्हणेल. मला तें पटत नाहीं.

क्ष-किरण पदार्थावर पडले म्हणजे त्यांतून इलेक्ट्रॉन उडतात, आणि त्या इलेक्ट्रॉनांच्या वेगावरून अणूची अवस्था ताडतां येते. या पद्धतीबद्दल स्वीडनचे काय सीगबान यांना १९८१ चें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांचे वडील माने यांना तें क्ष-किरण वर्णपटाबद्दलच १९२४ चें मिळालें होतें. आंत खोल सुटलेले इलेक्ट्रॉन मात्र वाटेंतच अडखळतात. बाहेर येतात ते अगदीं वरच्या थरांतले. सारांश, ही पृष्ठभाग पाहण्याची दुर्बीण झाली. आतां असा कण कल्पावा कीं, ज्याचा व्यास मिलिमीटरच्या दहालक्षांश भागाच्या अवघा दोन-तीन पट आहे. त्याचे जवळजवळ निम्मे अणू पृष्ठभागावरच असतात! पृष्ठभागाची विद्या जाणणारा संशोधक अशा कणाकडे वळला, तर त्यांत नवल तें काय?

अर्धवाहकांत इलेक्ट्रॉनला मोकळें होण्यासाठीं शक्तीची एक फट ओलांडावी लागते. कण लहान केला कीं ही फट रुंदावते. चित्रकारांच्या पिवळ्या रंगांत असणारें कॅडमियम सल्फाइड पुरेसें बारीक झालें, तर त्याचा पिवळेपणाच ओसरतो. द्रव्य तेंच, रंग निराळा. अडचण अशी कीं, हे कण एकमेकांस चिकटून मोठे होऊं पाहतात. म्हणून त्यांवर सेंद्रिय रेणूंचें कवच चढवावें लागतें.

कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९५ मध्यें झिंक सल्फाइडच्या अशा कणांत मँगनीज मिसळण्याची, पाण्यांतच करतां येणारी रीत प्रसिद्ध केली. मँगनीजमुळें हे कण अतिनील प्रकाशांत नारिंगी चमकतात. त्याच वर्षीं तांबें मिसळलेल्या कणांचा हिरवा प्रकाशही त्यांनीं नोंदविला. एरव्हीं ज्याला आपण भेसळ म्हणूं, तीच येथें दिव्याची वात झाली.

सर्वच भेसळ अशी उपकारक नसते. त्यांच्या गटानें १९९९ मध्यें प्रसिद्ध केलेलें एक काम मला त्यामुळेंच अधिक मोलाचें वाटतें; उजेड कसा मिळाला हें सगळेच सांगतात, तो कशानें गेला हें मोजणारे थोडे. झिंक सल्फाइडच्या कणांत लोखंड किंवा निकेल मिसळलें, तर त्यांची चमक मंदावते, असें त्यांत दाखविलें होतें. प्रकाश होऊन बाहेर पडावयाची शक्ति लोखंडाचा अणु मधल्यामध्यें आडवाटेला लावतो. तोरण्याच्या कातळांत आहे तेंच हें लोखंड.